घरांची हाक

मायणी मागे पडल्यावर एसटी निम्मी रिकामी झाली आणि राजेश्वरीला खिडकीची जागा मिळाली. वडूजहून निघतानाच तिने मनाशी ठरवले होते की या खेपेला कुणाच्या बाजूने बोलायचे नाही. यात्रेचे जेवायचे, सही करायची आणि दिवेलागणीच्या गाडीने परत फिरायचे.

सहीसाठी दोन फोन आले होते. थोरला भाऊ, नानासोदादा, म्हणाला होता, "शिवतेजच्या दाखल्याला तुझी संमती लागतीया, ये." आईच्या फोनात शिवतेजचे नाव नव्हते. "सही करायला ये, पर जेवल्याबिगर करू नगंस," एवढे बोलून आईने फोन ठेवला होता.

धरणाखाली गेलेल्या शिळदऱ्यातल्या प्रत्येक खातेदाराच्या घराला असा एक दाखला मिळालेला होता. सरकारी भरतीत धरणग्रस्तांसाठी काही जागा राखून ठेवतात, आणि या दाखल्यावर घरातल्या एकाच माणसाला त्या जागेसाठी अर्ज करता येतो. तो माणूस घराने ठरवायचा, बाकीच्या वारसांनी स्टँप पेपरवर संमती द्यायची. राजेश्वरीचे वडील ज्योतिबा शेलार यांच्या घराचा दाखला इतकी वर्षे ट्रंकेत पडून होता. नानासोला शेती होती. धाकटा जयराज विट्याच्या लोकांबरोबर गलाईच्या, म्हणजे सोने गाळायच्या कामाला मदुराईला गेला, त्यालाही कधी लागला नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तिकडेच वारला. आता त्याची बायको पूजा आणि नानासोचा मुलगा शिवतेज, दोघांनाही तो एकच दाखला हवा होता.

राजेश्वरीचे मन शिवतेजकडे होते, हे तिने नवऱ्यापाशी कबूल केले होते. जयराजचे वर्षश्राद्ध होते न होते तोच पूजा सांगलीला नर्सिंगच्या कोर्सला निघून गेली होती. मागे राहिलेली त्यांची मुलगी सृष्टी तेव्हा सात वर्षांची. राजेश्वरीने तेव्हा फोनवर जे सुनावले होते ते दोघींपैकी कुणी विसरले नव्हते.

फाट्यावर शिवतेज मोटारसायकल घेऊन उभा होता. तो पाया पडला, पिशवी घेतली, आणि गाडी सुरू करता करता म्हणाला, "आत्या, घरात कोण कुणासंगं बोलंना. तुमी आलाय ते बरं झालं."

"आन् तू?"

"माझ्यासंगं समदे बोलत्यात. तेच अवघड हाय."

वसाहतीला कमान आहे, तिच्यावर 'शिळदरे' एवढेच लिहिले आहे. कमानीतून आत गेले की सरळ रस्ते आणि सारख्या मापाचे प्लॉट. डोंगरातल्या शिळदऱ्यात दोन दारे एका रेषेत नव्हती. घर वर, गोठा खाली, मध्ये फणस. राजेश्वरीने ते गाव पाहिलेले नव्हते. तिचा जन्मच वसाहतीतला. पण आईच्या बोलण्यातून ते इतक्या वेळा ऐकले होते की कुठल्या वळणावर पाय घसरतो हेही तिला ठाऊक होते.

*

नानासोची बायको मंगल पहाटेपासून चुलीपुढे होती. देवीच्या यात्रेला घरोघर पुरणपोळी लागते आणि शेलारांच्या घरात पुरण तिच्याच हातचे लागते, हे चोवीस वर्षांत बदललेले नव्हते. पूजा शेजारी बसून पोळ्या लाटत होती. दोघींचे हात एकमेकींना सांभाळून चालले होते. तोंडे बंद होती.

मंगलला आतून एक गोष्ट टोचत होती. सासूबाईंची सही लागणार होती, नवऱ्याची लागणार होती, नणंदेची आणि जावेचीही. तिची लागत नव्हती. ती वारसांच्या यादीतच नव्हती. जिच्या पोराचे बरेवाईट ठरणार होते तिला कागद काही विचारत नव्हता. म्हणून जे बोलायचे ते नवऱ्याच्या तोंडून बोलायचे, असे तिने पक्के केले होते आणि रात्रीच त्याला पढवून ठेवले होते.

पूजाबद्दल तिच्या मनात वाईट नव्हते. दोन वर्षे सृष्टीच्या वेण्या तिने घातल्या होत्या, पोरीला ताप आला तर उशाशी बसली होती. पण शिवतेज पोलीस भरतीत दोनदा धावला होता आणि दोन्ही वेळा गुडघ्याने दगा दिला होता. आता तो कारकुनीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. या दाखल्याखेरीज त्याच्या हाताशी दुसरे काही नाही, असे तिला वाटे. पूजाचा कोर्स झालेला होता, कुठल्याही दवाखान्यात ती उभी राहिली असती. मंगलचा हिशोब सरळ होता आणि त्यात तिला कुठे खोट दिसत नव्हती.

"पातळ लाटू नगंस," ती एकदाच म्हणाली. "फाटतीया."

"बरं, अक्का," पूजा म्हणाली.

*

जेवणे झाली. सृष्टीला शेजारच्या पोरींबरोबर देवळाकडे पाठवले आणि सगळे सोप्यात बसले. नानासोने स्टँप पेपर पुढ्यात ठेवला. नावाची जागा कोरी होती, ती भरायचीच तेवढी राहिली होती. या महिन्याच्या आत पुनर्वसन कार्यालयात कागद गेला तरच पुढच्या भरतीला दाखला हातात येणार होता.

नानासोने सुरुवात चांगली केली. त्याने पूजाच्या कष्टांचे कौतुक केले, जयराजची आठवण काढली, आणि मग शिवतेजच्या गुडघ्यापाशी आला. राजेश्वरीने मान हलवली. तिला ते पटतच होते.

मग पूजाला विचारले. तिने पदर सारखा केला आणि कुणाकडे न बघता, समोरच्या कागदाकडे बघत बोलली. जिल्हा परिषदेत आरोग्यसेविकांची भरती निघणार आहे. खासगी दवाखान्यात ती वर्षभर आहे; तिथे आज ठेवतात, उद्या नको म्हणतात. सृष्टीचे शिक्षण आहे, सासूबाईंचे वय आहे. आणि शेवटी ती म्हणाली, "शिवतेजच्या हातात अजून वर्षं हायत. माझं वय चाललंय. मी मागतीया, दादा. मला द्या म्हणून मागतीया."

मागणे असे तोंडावर आले की नाकारणे अवघड होते. नानासोने कागद उगाच जवळ ओढला, आणि मंगलने आतल्या दाराशी बांगड्या वाजवल्या.

"हे बघ पूजा," तो म्हणाला, "मी वंगाळ मनानं बोलत न्हाई. पर तू अजून तरणी हायस. उद्या दुसरं घर केलंस, तर शेलारांचा दाखला परक्याच्या उंबऱ्यात जाणार. शिळदरं गेलं त्याच्या बदल्यात एवढाच कागद घराला मिळालाय. तू असं लिहून दे, की लगीन करणार न्हाई. मग मी आजच सही करतो."

कोपऱ्यात बसलेल्या शिवतेजने मान खाली घातली.

"लिहून देणार न्हाई," पूजा म्हणाली.

"म्हंजी करायचं हाय?" मंगल आतून म्हणाली.

"ते मला ठावं न्हाई, अक्का. पर लिहून देणार न्हाई. आईंना आन् सृष्टीला बघीन, हे तोंडानं सांगतीया. तुमच्यासमोर सांगतीया. ते कागदावर लिवायचं नसतं."

राजेश्वरीला अचानक उकडू लागले. तीन वर्षांपूर्वी हीच पोरगी फोनवर गप्प ऐकून घेत होती, आणि आपण ज्याला उर्मटपणा म्हटले होते तो कदाचित हाच आवाज होता, तेव्हा फक्त बाहेर आला नव्हता. तिने पदराने वारा घेतला. न बोलण्याचा तिचा बेत तिथेच मोडला.

"दादा," ती म्हणाली, "आन् शिवतेजकडनं काय लिहून घेणार हायस?"

"त्याच्याकडनं कशाला?"

"नोकरी लागली की बायकोला घिऊन पुण्याला जाणार न्हाई, म्हणून. म्हातारपणी तुला आन् वयनीला बघीन, म्हणून. आईचं औषधपाणी करीन, म्हणून. घे लिहून. मग पूजाकडनं बी घेऊ."

"तो पोरगा हाय घरचा."

"आन् ती कोण हाय? जयराज व्हता तवर घरची व्हती का? ती गेली सांगलीला तवा मीच बोलले व्हते तिला. चुकीचं बोलले का बरूबर, ते राहू दे. पर असली अट कागदावर घालून माझी सही मिळायची न्हाई. कुणाचंच नाव घाल, मी करणार न्हाई."

मंगल उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "वन्सं, तुमाला वडूजला बसून बोलाया सोपं हाय. माझं पोर रोज पहाटं उठतंय."

"ठावं हाय मला, वयनी. म्हणून तर मी आले तवा तुमच्याच बाजूनं व्हते."

*

राजेश्वरीच्या आईने, अंजनाबाईंनी, अजून तोंड उघडले नव्हते. भिंतीला टेकून त्या बसल्या होत्या आणि मांडीवर पूजाने आणलेला संकलन रजिस्टरचा उतारा होता. धरणात कुणाचे काय गेले याची सरकारने केलेली ती नोंद. अर्जाला जोडायची म्हणून पूजाने ती कार्यालयातून आणली होती, आणि बारीक अक्षर दिसेना म्हणून गेल्या आठवड्यात अंजनाबाईंनी ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

खातेदार ज्योतिबा धोंडी शेलार. घर कौलारू, भिंती मातीच्या. गोठा एक. फणस, आंबा, हिरडा, जांभूळ, प्रत्येकाचा आकडा. ती झाडे आता गाळात होती, पण कागदावर अजून उभी होती. परड्यातला कापा फणस, ज्याच्याखाली नवी नवरी म्हणून त्या पहिल्यांदा अंगावर पाणी ओतायला बसल्या होत्या, तोही त्या आकड्यात कुठेतरी होता.

"पूजा," त्या म्हणाल्या, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

"न्हाई, आई. 'पत्नी' असं हाय."

"फणसाचं नाव हाय आन् माझं न्हाई." त्या हसल्या. "बरं. हरिबाचं?"

ते नाव तिथे का नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या दिवशी अंजनाबाईंनी ते पुन्हा सांगितले, सावकाश, जणू सोप्यात बसलेल्यांपैकी कुणी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणीबाणीचे दिवस होते. त्यांच्या लग्नाला वर्ष झाले नव्हते. जीप वर आली, साहेब उतरले, हातात कागद, आणि घराघरात माणसे मोजायला लागले. गावात बोलवा उठली की हे नसबंदीला माणसे न्यायला आलेत. तरणे गडी कारवीच्या रानात पळाले. ज्योतिबाला शेतातून यायला उशीर झाला, म्हणून तो सापडला आणि यादीत लागला. त्याचा धाकटा भाऊ हरिबा जांभळीवर चढून बसला. साहेबांनी सासऱ्याला विचारले, मुलगे किती. सासरा म्हणाला, एकच. लेकरू वाचवले, असे त्याला वाटले. अंगठा दिला. संध्याकाळी जीप उतरून गेली आणि हरिबा झाडावरून खाली आला, तेव्हा घरातल्यांनी त्याला भाकरीबरोबर गूळ दिला होता. शर्यत जिंकून आल्यासारखा तो हसत होता.

ती यादी जमिनीची होती. सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब धरून वेगळा प्लॉट मिळणार होता. हे कळले तेव्हा यादी सरकारात जाऊन बसली होती.

"मग मरंस्तवर तो कचेऱ्या हिंडला," अंजनाबाई म्हणाल्या. "एकदा तुझा बाप आन् मी त्याच्यासंगं गेलो व्हतो, नाना. टेबलामागं बसल्याला माणूस म्हणाला, ज्योतिबाला भाऊच न्हाई. हरिबा म्हणाला, आवं सायेब, मी हाय की हितं हुबा. त्यानं रजिस्टर फिरवून दाखवलं. बघा, म्हणाला, न्हाई."

त्या थांबल्या. उतारा त्यांनी नीट घडी केला.

"आपुन यादीला भिऊन माणूस लपवला. ही पोरगी लपत न्हाई. माझं नाव घाला म्हणून म्होरं आलीया, आन् तुमी तिला अटी घालताय. मी माझी सही पूजाच्या नावावर करणार. मला शिवतेज नावडता न्हाई. पर पयल्यांदा ज्याला उशीर व्हतोय त्याचं नाव घालायचं असतं."

शिवतेजकडे सगळ्यांचे डोळे गेले. त्याने घसा खाकरला.

"मला बी पाहिजे, आज्जी," तो म्हणाला. "नगं म्हणालो तर खोटं व्हईल."

"नगं म्हणूच नगंस," अंजनाबाई म्हणाल्या. "बापाला ठरवू दे. त्योच कर्ता हाय."

अंजनाबाईंनी कोऱ्या जागेत पूजाचे नाव घातले आणि खाली आपली सही केली. वळणाची नव्हती, पण अक्षरे सुटी आणि स्पष्ट होती. सातवीपर्यंतच्या शाळेची ती कमाई होती. पूजाने केली. मग राजेश्वरीने केली, आणि पेन खाली ठेवताना पूजाच्या हाताला तिचा हात लागला तो तिने लगेच काढला नाही. नानासोने कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि देवळाकडे निघून गेला. सही केली नाही. फाडलाही नाही.

*

ऊन उतरल्यावर देवळापुढे घरांची हाक असते.

डोंगरातल्या शिळदऱ्यापासून चालत आलेली ही रीत आहे. गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहतो आणि जुन्या गावातल्या घरांची नावे क्रमाने पुकारतो, पाणवठ्यापासून वरच्या आळीपर्यंत. ज्या घराची हाक होईल त्याने "हाय" म्हणून ओ द्यायची आणि पुढे होऊन देवीचा नारळ घ्यायचा. वर्षभर तोच त्या घराचा माणूस. वसाहतीत प्लॉटांना नंबर आहेत, पण हाक नंबराने होत नाही. ज्यांची घरे मुंबईला गेली, कोकणात गेली, त्यांचीही होते. कुणी नसेल तर क्षणभर थांबतात, नारळ बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो गाडीने नेऊन धरणाच्या पाण्यात सोडतो.

नाथाजी गुरवाच्या हातात कागद नव्हता. त्याच्या बापाने त्याला गल्लीतून चालवत नावे पाठ करून दिली होती. अजून पुकारताना तो डोळे मिटतो आणि त्याचे पाय जागच्या जागी किंचित हलतात.

पुरुष पुढे उभे होते, बायका देवळाच्या डाव्या अंगाला. नानासो पहिल्या रांगेत होता. खिशातला कागद छातीला लागत होता. दुपारभर त्याने स्वतःशी वाद घातला होता आणि दर वेळी तो जिंकला होता. घराण्याचा दाखला, पोराचा गुडघा, मंगलचे डोळे. सगळे त्याच्या बाजूने होते, आणि तरी पेन हातात घ्यावे असे वाटत नव्हते.

"धोंडी शेलाराचा हरिबा," नाथाजीने पुकारले.

नानासोने हे नाव दर वर्षी ऐकले होते. सरकारच्या एकाही कागदावर नसलेले घर नाथाजी दर वर्षी पुकारत होता, कारण वरच्या आळीतून चालताना हरिबाची झोपायची पडवी आधी लागत असे. जमाव शांत उभा राहिला. वाऱ्याने कनातीचे कापड फडफडले. नाथाजीने वाट बघितली, मग नारळ उचलून बाजूला ठेवला.

नानासो त्या नारळाकडे बघत राहिला. मी हाय की हितं हुबा, असे म्हणणारा माणूस त्याने लहानपणी पाहिला होता. घरी आल्यावर तो मुकाट्याने जेवायला बसला होता आणि त्याच्या ताटातले तसेच राहिले होते.

"धोंडी शेलाराचा ज्योतिबा."

ही त्याची हाक होती. बाप गेल्यापासून तोच ओ देत होता. तोंड उघडायला त्याला एका श्वासाचा उशीर झाला.

"हाय," डाव्या अंगाने आवाज आला.

माना वळल्या. बायकांतून अशी ओ कधी आलेली नव्हती. पूजा जागेवरून हललेली नव्हती. सृष्टीचा हात तिच्या हातात होता आणि तिने शब्द परत घेतला नाही. शेजारी अंजनाबाई समोर बघत होत्या. राजेश्वरीने पाऊल पुढे टाकून पूजाच्या दुसऱ्या बाजूला जागा घेतली. मंगल दोन हातांवर होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

नाथाजीने डोळे उघडले. नारळ त्याच्या हातात तसाच होता.

"नानासो," तो म्हणाला, "कुणाच्या हातात देऊ?"

सगळे गाव थांबले होते. नानासोला वाटले, आता आपण काहीही बोललो तरी ते कायमचे होणार आहे.

"ओ कुणी दिली?"

"तुझ्या भावजयीनं."

"मग तिलाच द्या, नाथाजीकाका."

मागे कुणीतरी हसले, कुणीतरी त्याला गप्प केले. बायकांनी वाट दिली. पूजा सृष्टीला बरोबर घेऊनच पायरीपर्यंत गेली, वाकली आणि पदरात नारळ घेतला. नाथाजीने पुन्हा डोळे मिटले आणि पुढच्या घराची हाक दिली.

नानासो गर्दीतून बाजूला, चिंचेखाली आला. शिवतेज त्याच्या मागोमाग आला. बापाने कागद काढला, उलगडला, इकडेतिकडे बघितले. टेकवायला काही नव्हते.

"पेन हाय का रं?"

शिवतेजने खिशातून पेन काढून दिले. अभ्यासाचे होते, टोपण चावलेले. मग तो बापापुढे पाठ करून उभा राहिला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. नानासोने कागद त्याच्या पाठीवर पसरला. देवळाकडून हाका येत होत्या आणि घरे एकामागून एक ओ देत होती.

पेनाचे टोक पाठीवर टेकले आणि थांबले. शिवतेजने वाट बघितली. मग मान न वळवता म्हणाला,

"दाबून करा, आण्णा. पुसट दिसाया नगं."